आदराचे इंग्रजी शब्द: रिस्पेक्ट, रेव्हरन्स, ऑनर, ऑसम वगैरेंबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रान्सलेशन करणारे, स्पर्धा परीक्षावाले, परदेशी युनिव्हर्सिटीला अर्ज करणारे आणि ऑफिसात वरच्या साहेबांना मेल टाकताना अडखळणारे, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात म्हणून एका जागी घेतलेत. इंग्रजी-मराठी डिक्शनरी उघडली तर यातल्या निम्म्या शब्दांपुढे नुसतं 'आदर' लिहिलेलं असतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

रेव्हरन्स म्हणजे जास्तीचा रिस्पेक्ट, एवढंच ना?

नाही. क्लासमध्ये असं शिकवतात खरं, की खालच्या पायरीवर रिस्पेक्ट, मग एस्टीम, मग व्हेनरेशन, वर रेव्हरन्स, पण असा जिना नाहीचे मुळात. रिस्पेक्ट लॅटिनमधल्या 'वळून बघणे' अशा अर्थाच्या क्रियापदावरून आलाय, आणि अजूनही त्याचा गाभा तोच आहे, समोरच्याची दखल घेऊन वागणं. म्हणून स्पीड लिमिटला रिस्पेक्ट करता येतं, दुसऱ्याच्या प्रायव्हसीला करता येतं, बुमराच्या यॉर्करलाही करता येतं, आणि यातल्या कशावर तुमचं प्रेम असायची गरज नाही. जो माणूस अजिबात आवडत नाही त्याच्या मतालाही रिस्पेक्ट देता येतो.

रेव्हरन्सच्या मुळाशी लॅटिन 'व्हेरेरी' आहे, त्यात भीती आहे, म्हणजे भूताची भीती नव्हे, तर काहीतरी आपल्याहून फार मोठं समोर आहे ही जाणीव. आपल्याकडे 'आदरयुक्त भीती' म्हणतात ना, तेच. आणि दुसरी गोष्ट दिशेची. रिस्पेक्ट वर जातो, खाली येतो, बरोबरीच्यालाही मिळतो. मालक म्हणू शकतो की मी माझ्या कामगारांना रिस्पेक्ट करतो. तो त्यांना 'रिव्हिअर' करतो म्हणाला तर लोक वळून बघतील. रेव्हरन्स शक्यतो वरच जातो, आणि म्हणूनच अल्बर्ट श्वाइत्झर या डॉक्टरला १९१५ मध्ये आफ्रिकेत नदीतून प्रवास करताना सुचलेल्या विचाराला 'रेव्हरन्स फॉर लाइफ' हे नाव मिळालं तेव्हा ते लोकांच्या डोक्यात बसलं, कारण किडामुंगीच्या जिवाकडे मान वर करून बघा असं तो सांगत होता. त्याचा मूळ जर्मन शब्द 'एअरफुर्ख्ट', त्याची फोडच मान अधिक भीती अशी होते.

पण देवाधर्मात 'फिअर' लिहितात, 'रिव्हिअर' लिहितात, 'रिस्पेक्ट'ही लिहितात. मग खरं काय?

तिन्ही, आणि गंमत म्हणजे कधीकधी एकाच मूळ शब्दासाठी. बायबलच्या लेवीय पुस्तकात १९ व्या अध्यायात आईबापाबद्दल आज्ञा आहे. १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात तिथे 'फिअर' आहे, आईबापाचं भय धरा. विसाव्या शतकातल्या रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जनमध्ये 'रिव्हिअर' झालं. न्यू इंटरनॅशनल व्हर्जनमध्ये 'रिस्पेक्ट'. हिब्रू शब्द तोच, बदलली ती इंग्रजी घरातली आईबापांची जागा! तसंच इफिसकरांस पत्रात बायकोने नवऱ्याला 'रेव्हरन्स' करावा असं जुन्या भाषांतरात होतं, नव्यात 'रिस्पेक्ट' आलं.

ज्यांना हे विचित्र वाटतं त्यांनी आपल्या आजोबांच्या पिढीचं बोलणं आठवावं, 'आमच्या वडिलांचा धाक होता' हे वाक्य तक्रार म्हणून कमी आणि कौतुक म्हणून जास्त ऐकलंय मी. आजच्या आईबापांना धाक नको असतो, 'रिस्पेक्ट' हवा असतो, तोही मुलांनी इंग्रजीतच म्हटलेला.

'रिस्पेक्ट मिळत नाही, कमवावा लागतो' म्हणतात. मग अनोळखी माणसाला रिस्पेक्ट का द्यायचा?

कारण एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी भरल्यात. अमेरिकन तत्त्वज्ञ स्टीफन डारवॉलने १९७७ मध्ये हा फरक नीट मांडला. एक रिस्पेक्ट असा की समोरचा माणूस आहे, मतदार आहे, पेशंट आहे, एवढ्यावरून त्याच्याशी कसं वागायचं ते ठरतं, त्यात कमावण्याचा प्रश्न नाही, कमीजास्तही होत नाही. दुसरा असा की त्याचं काम, त्याचा स्वभाव बघून आपण त्याला मार्क देतो, आणि तो मात्र कमवावाच लागतो, गमावताही येतो. पहिल्याच्या मागे जर्मन तत्त्वज्ञ कांट उभा आहे, माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका म्हणणारा.

मराठीत हे दोन्ही आपण रोज न चुकता वेगळं बोलतो. 'मान देणं' वेगळं आणि 'मानणं' वेगळं. लग्नात व्याह्यांना मान द्यावाच लागतो, मानता की नाही ते तुमचं तुम्ही बघा. आणि 'मानलं बुवा तुला!' हे शुद्ध दुसऱ्या प्रकारचं.

भांडणं होतात ती यामुळेच. ऑफिसात एकजण म्हणतो मला रिस्पेक्ट मिळत नाही, त्याला म्हणायचं असतं अरे-तुरे करू नका, ओरडू नका. समोरचा ऐकतो की याला कौतुक हवंय, आणि उत्तर देतो आधी काम दाखव. दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि मीटिंग वाया.

सेल्फ-रिस्पेक्ट आणि सेल्फ-एस्टीम एकच ना?

नाही. एस्टीम आणि एस्टिमेट भावंडं आहेत, दोन्ही लॅटिनमधल्या 'किंमत ठरवणे' वरून. म्हणून सेल्फ-एस्टीम म्हणजे आपण स्वतःची लावलेली किंमत, परीक्षेत नापास झालं की खाली, प्रमोशन मिळालं की वर. सेल्फ-रिस्पेक्ट म्हणजे स्वाभिमान, मी अमुक सहन करणार नाही, तमुक करणार नाही. तमिळनाडूत १९२५ मध्ये पेरियार यांनी उभी केलेली चळवळ इंग्रजीत 'सेल्फ-रिस्पेक्ट मूव्हमेंट' म्हणून ओळखली जाते, तिथे एस्टीम घालून बघा, कुठल्यातरी मोटिव्हेशनल वर्कशॉपचं नाव वाटेल.

अ‍ॅडमिरेशन?

यात मूळ अर्थ नवल वाटण्याचा. शत्रूचंही अ‍ॅडमिरेशन करता येतं, लांबून करता येतं, आणि त्याने तुमच्यावर कसलंही बंधन येत नाही. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, खाली लागणार आहे.

ऑनर म्हणजे सन्मान, बरोबर?

बहुतेक वेळा हो. रिस्पेक्ट मनात ठेवता येतो, ऑनर चारचौघांत करावा लागतो. शाल, श्रीफळ, स्टेज, फोटो. पुण्यातले मानाचे गणपती, जत्रेतले मानकरी, यातला 'मान' हा ऑनर आहे, कोणाला कुठला क्रमांक ते ठरलेलं आणि त्यावरून भांडणंही ठरलेली.

पण ऑनरचे आणखी दोन अर्थ आहेत. एक, शब्द पाळणे. 'ऑनर अ चेक' म्हणजे चेक वटवणे, आणि नाही वटला की तो 'डिसऑनर' होतो, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ ची केस ज्यांनी लढलीय त्यांना हा शब्द पाठ असतो. दुसरा, इभ्रत. 'ऑनर किलिंग' मधला ऑनर हा सन्मान नाही, ती घराण्याची इभ्रत आहे, गावाने दिलेली आणि गाव काढून घेईल या भीतीने सांभाळलेली. पेपरवाले 'सन्मानहत्या' लिहायचे ते वाचवत नाही, आता बऱ्याच ठिकाणी 'प्रतिष्ठेपायी हत्या' वगैरे लिहितात, ते बरं.

जाता जाता: पद्म पुरस्कार हे ऑनर आहेत, टायटल नाहीत. राज्यघटनेच्या कलम १८ ने टायटलं बंद केली, आणि १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पद्म आणि भारतरत्न हे त्या बंदीत येत नाहीत, पण नावाच्या पुढेमागे लावायचे मात्र नाहीत. त्यामुळे पत्रिकेत 'पद्मश्री अमुकतमुक' छापणं आपल्याकडे कितीही गोड वाटलं तरी नियमात बसत नाही.

कोर्टात 'युअर ऑनर' की 'माय लॉर्ड'?

सिनेमा बघून ठरवू नका. बार काउन्सिल ऑफ इंडियाने २००६ मध्ये नियम केला की सुप्रीम कोर्टात आणि हायकोर्टात 'युअर ऑनर' किंवा 'ऑनरेबल कोर्ट' म्हणावं, खालच्या कोर्टात 'सर' किंवा आपल्या भाषेतला तसा शब्द, आणि 'माय लॉर्ड' हा गोऱ्यांच्या काळातला उरलेला प्रकार आहे. प्रत्यक्षात हायकोर्टात अजून 'माय लॉर्ड' धडाक्यात चालतं. २०२१ मध्ये तर सरन्यायाधीश शरद बोबडे, आपले नागपूरचे, यांनीच एकाला 'युअर ऑनर' वरून टोकलं, की हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात किंवा मॅजिस्ट्रेटपुढे म्हणतात. म्हणजे नियम एक, खुर्चीवरून आलेली सूचना दुसरी. नवीन वकिलांनी सिनिअर काय म्हणतात ते ऐकून तेच म्हणावं.

इंग्लंडमध्ये मॅजिस्ट्रेटला 'युअर वर्शिप' म्हणायची पद्धत आहे, तिथे पूजाबिजा काही नाही. वर्शिप हा जुन्या इंग्रजीत 'वर्थ', म्हणजे योग्यता, यावरून झालेला शब्द, आधी माणसांसाठीच होता. जुन्या अँग्लिकन लग्नविधीत नवरा बायकोला म्हणायचा की मी माझ्या देहाने तुला 'वर्शिप' करतो. देवाने हा शब्द नंतर जवळजवळ पूर्ण ताब्यात घेतला.

व्हेनरेशन आणि वर्शिप यात फरक काय? गोव्याच्या बातम्यांत दोन्ही दिसतात.

दिसतात, आणि 'वर्शिप' लिहिणारा रिपोर्टर चुकलेला असतो. ख्रिस्ती जगात यावरून मोठं रणकंदन झालं होतं, मूर्ती-चित्रांपुढे वाकणं म्हणजे मूर्तिपूजा का, या मुद्द्यावर. इसवी सन ७८७ मध्ये निकियाच्या दुसऱ्या धर्मसभेने तोडगा काढला की पूजा फक्त देवाची, संतांना आणि त्यांच्या प्रतिमांना मान, वंदन. पूजा ती वर्शिप, वंदन ते व्हेनरेशन. त्यामुळे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या पार्थिवाचं दर्शन, जे दर दहा वर्षांनी होतं, गेल्या वेळी २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ झालं, बॉम जीझसमधून सी कॅथेड्रलमध्ये नेऊन, ते व्हेनरेशन. रांगेत उभ्या असलेल्या 'गोंयच्या सायबा'च्या भक्तांमध्ये हिंदूही असतात आणि त्यांच्या मनात पूजा आणि वंदन यांच्यात धर्मसभेने आखलेली रेघ असेलच असं काही नाही, पण लिहिताना शब्द व्हेनरेशनच.

याच मुळातलं 'व्हेनरेबल' ही कॅथलिक चर्चमध्ये पायरी आहे: सर्व्हंट ऑफ गॉड, मग व्हेनरेबल, मग ब्लेसेड, मग सेंट. बाणावलीचे जोसेफ वाझ १९९५ मध्ये ब्लेसेड झाले आणि २०१५ मध्ये सेंट. पिळारचे फादर आग्नेल १९८६ पासून व्हेनरेबल आहेत, वाशीच्या आणि बांद्र्याच्या 'फादर अ‍ॅग्नेल' संस्थांचं नाव ज्यांच्यावरून आलं ते. आता खरी गंमत, व्हेनरेबल झालेल्या व्यक्तीचं सार्वजनिक व्हेनरेशन चर्चमध्ये करायला परवानगी नसते, ती ब्लेसेड झाल्यावर मिळते!

बौद्ध भिक्खूंसाठी इंग्रजीत जो 'व्हेनरेबल' लावतात त्यात असल्या पायऱ्या नाहीत. तो आपल्या 'भन्ते'च्या जागी येतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा देणाऱ्या चंद्रमणी महास्थविरांचा उल्लेख इंग्रजीत असाच होतो.

रेव्हरंड आणि रेव्हरंट, स्पेलिंगची चूक आहे का?

नाही, दोन शब्द आहेत. शेवटी 'ड' असलेला म्हणजे ज्याला मान द्यायचा तो, शेवटी 'ट' असलेला म्हणजे मान देणारा. संस्कृतच्या 'अनीय' सारखा तो लॅटिन प्रत्यय आहे, पूजनीय आणि पूजक यांतला फरक. अजेंडा या शब्दातही तोच प्रत्यय बसलाय, करायच्या गोष्टी. आपल्याला ओळखीचे रेव्हरंड म्हणजे कवी नारायण वामन टिळक. मराठीत 'रेव्हरंड टिळक' अगदी बरोबर, इंग्रजीत कडक जुन्या पद्धतीने लिहायचं तर 'द रेव्हरंड नारायण टिळक', नुसतं आडनाव जोडायचं नाही, पण आता इंग्रजसुद्धा हे पाळतात असं नाही.

डेफरन्सला मराठीत काय म्हणायचं?

मला विचाराल तर 'भीड'. डेफरन्स म्हणजे आपलं मत बाजूला ठेवून समोरच्याच्या मताला वाट देणं, तो मोठा आहे, जाणकार आहे, किंवा नुसता खुर्चीवर आहे म्हणून. त्यात आदर असेलच असं नाही. सुनेची सासूपुढे असते, ज्युनिअर डॉक्टरची बड्या सर्जनपुढे असते. (लांबणीवर टाकणे या अर्थाचं 'डिफर' दिसायला तेच पण त्याचं लॅटिन मूळ वेगळं, गल्लत करू नका.)

रिस्पेक्ट आणि डेफरन्स वेगळे का ठेवायचे याचं सगळ्यात भयंकर उदाहरण २७ मार्च १९७७ चं, कॅनरी बेटांवरच्या टेनेरिफे विमानतळाचं. धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर धडकली आणि ५८३ माणसं गेली. टेकऑफ सुरू केलेल्या विमानात फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली होती की दुसरं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय ना. कॅप्टन कंपनीतला अत्यंत सिनिअर माणूस, तो ठामपणे हो म्हणाला, आणि पुढे कोणी रेटलं नाही. कारणं आणखीही होती, रेडिओवर एकावर एक आलेले मेसेज वगैरे, पण त्यानंतर जगभर वैमानिकांच्या ट्रेनिंगमध्ये हे जोर देऊन शिकवायला लागले की ज्युनिअरने बोलायचं आणि कॅप्टनने ऐकायचं. कॅप्टनला रिस्पेक्ट असू द्या, डेफरन्स नको, असं ते ट्रेनिंग आहे.

होमेज, ट्रिब्यूट, ऑबेसन्स, लास्ट रिस्पेक्ट्स, सगळीकडे 'पे'च का लावतात?

कारण हे सगळं देणं होतं. ट्रिब्यूट म्हणजे खंडणी, कर. होमेज हा फ्रेंच 'ओम' म्हणजे माणूस यावरून, सरंजामदारीत कूळ सरदारापुढे गुडघे टेकून म्हणायचं की आजपासून मी तुमचा माणूस. अजून इंग्लंडच्या राज्याभिषेकात तो विधी असतो, ६ मे २०२३ ला चार्ल्स राजासमोर प्रिन्स विल्यमने केला. आपल्या भाषेत मुजरा. ऑबेसन्स 'ओबे' वरून, देवळातल्या बातमीत 'ऑफर्ड ऑबेसन्स' दिसतं ते लोटांगण-दंडवत. लास्ट रिस्पेक्ट्स म्हणजे अंत्यदर्शन, अनेकवचनच हवं, 'पेड लास्ट रिस्पेक्ट' लिहू नका.

होमेज हा शब्द आज निरुपद्रवी झालाय, डिरेक्टर जुन्या डिरेक्टरला सिनेमात होमेज देतो वगैरे, पण त्याच्या पोटात 'मी तुमचा माणूस' बसलंय हे ज्याने नेमकं पकडलं ते बाबासाहेब. १८ जानेवारी १९४३ ला पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीच्या भाषणात त्यांच्यापुढे अडचण होती की मी विभूतिपूजेला विरोध करतो आणि इथे एका थोर माणसाचं गुणगान करायला उभा आहे, हे कसं. त्यांनी फोड केली. थोर माणसाबद्दल अमर्याद अ‍ॅडमिरेशन वाटणं यात वावगं काही नाही. त्याची आज्ञा पाळत सुटणं ही दुसऱ्या जातीची पूजा आणि ती घातक, कारण ती कुळाने धन्यापुढे वाहिलेल्या निष्ठेसारखी आहे. पहिली स्वतःचा मान राखून करता येते, दुसरीत माणूस खाली येतो. सहा वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९४९ ला, घटना समितीत त्यांनी भक्तीबद्दल जे बजावलं, धर्मात भक्ती मोक्षाचा मार्ग असेल पण राजकारणात ती हुकूमशाहीकडे नेते, ते सगळ्यांना माहितीय. पण शब्दांची फोड पुण्यातल्या भाषणात जास्त बारीक आहे, आणि वर अ‍ॅडमिरेशनने बंधन येत नाही म्हटलं ते यासाठी. पुतळ्याला हार घालून त्याच माणसाचा मुद्दा खोडता येतो का, ही त्यावरची परीक्षा, आणि आपल्याकडे ती फार थोडे पास होतात.

ऑफुल वाईट आणि ऑसम चांगलं, असं का?

दोन्हींत ए-डब्ल्यू-ई वाला 'ऑ' आहे, म्हणजे वाचा बसेल असा दरारा. आधी दोन्हींचा अर्थ दरारा वाटायला लावणारं असाच होता. मग एक शब्द भीतीच्या बाजूला घसरला, दुसरा कौतुकाच्या, आणि आता वडापावही ऑसम असतो. 'शॉक अँड ऑ' या २००३ च्या इराक युद्धातल्या शब्दप्रयोगात मात्र जुना अर्थ जिवंत होता.

'विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट' म्हटलं की समोरचा का चिडतो?

कारण पुढे काय येणार ते त्याला कळतं. 'राग मानू नका पण' सारखंच. इंग्रज वकिलांत तर चढती भाजणी आहे, 'विथ रिस्पेक्ट' म्हणजे तुम्ही चुकताय आणि 'विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट' म्हणजे तुम्ही काहीच्या काही बोलताय.

रिस्पेक्टफुल, रिस्पेक्टेबल, रिस्पेक्टिव्ह?

रिस्पेक्टफुल म्हणजे अदबीने वागणारा. रिस्पेक्टेबल म्हणजे चार लोक नावं ठेवणार नाहीत असा, क्रिकेटमध्ये 'रिस्पेक्टेबल टोटल' म्हणजे ग्रेट नाही पण लाज राखणारी. रिस्पेक्टिव्ह म्हणजे आपापला. अर्जाच्या शेवटी 'युअर्स रिस्पेक्टिव्हली' लिहिणारे दरवर्षी सापडतात.

'इर्रेव्हरंट' ही शिवी आहे का?

देवळात असेल. कॉमेडियनबद्दल लिहिलं असेल तर कौतुक आहे, म्हणजे हा कोणालाच पवित्र मानत नाही. 'डिसरिस्पेक्टफुल' मात्र कोणाचंच कौतुक नाही.

अर्जात 'रिस्पेक्टेड सर' आणि 'युअर एस्टीम्ड ऑर्गनायझेशन' लिहू का?

भारतात लिहिलंत तर कोणी दचकणार नाही, शाळेपासून तेच शिकवलंय. बाहेर पाठवायचं असेल तर 'डिअर' आणि पुढे नाव, बस. तिथे 'डिअर' मध्ये लाडबीड काही नसतो त्यामुळे संकोच करायचं कारण नाही. एस्टीम्ड काढूनच टाका, कंपनीचं सरळ नाव लिहा, निदान त्यांना कळेल की हा मेल फक्त आम्हालाच पाठवलाय. शेवटी 'रिगार्ड्स' चालतं. विषयाच्या ओळीत मात्र 'विथ रिगार्ड टू', तिथे 'स' लावायचा नाही.